स्टॅक ओव्हरफ्लो: आधी मोजा, मग मर्यादेला हात लावा

जळगावात मी सी भाषेचा आणि सिस्टिम्स प्रोग्रामिंगचा सराववर्ग घेतो. त्या वर्गात एक प्रसंग जवळजवळ दरवर्षी घडतो. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा प्रोग्राम लिहिताना कोणीतरी निकालाची हजार बाय हजारची ‘डबल’ प्रकारची ॲरे फंक्शनच्या आतच जाहीर करतो आणि प्रोग्राम व्यवस्थित चालतो. दुसऱ्या दिवशी तोच विद्यार्थी ॲरेचा आकार १०२४ बाय १०२४ करतो, आणि प्रोग्राम पहिली ओळ छापण्याआधीच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मनाई असलेल्या मेमरीला हात लागल्याचा संदेश) एवढेच सांगून बंद पडतो. “काल ते चालनं व्हतं ना सर,” असे तो मला सांगतो, आणि ते खरेच असते.

फळ्यावर हिशेब मांडला की कारण लगेच दिसते. एक ‘डबल’ आठ बाइटचा असतो, म्हणून हजार बाय हजारची ॲरे ८०,००,००० बाइट घेते. फंक्शनच्या आत जाहीर केलेली अशी ॲरे ‘स्टॅक’ नावाच्या मेमरीच्या तुकड्यात राहते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत मुख्य थ्रेडला (प्रोग्राममधल्या कामाच्या पहिल्या धाग्याला) मिळणारी स्टॅकची मर्यादा ८ मेगाबाइट, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट असते. कालच्या प्रोग्रामला सुमारे पावणेचार लाख बाइट शिल्लक राहत होते आणि त्यात बाकीचे सगळे भागत होते. १०२४ बाय १०२४ची ॲरे मात्र नेमके ८३,८८,६०८ बाइट मागते. फंक्शनचे परतीचे पत्ते, जपून ठेवलेली रजिस्टरे आणि प्रोग्रामला मिळालेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हे सारे त्याच स्टॅकवर असल्यामुळे त्यांना एका बाइटचीही जागा उरत नाही. कालचा प्रोग्राम चालला तो बरोबर होता म्हणून नव्हे, तर मर्यादेच्या आत कसाबसा बसला होता म्हणून.

अशा वेळी वर्गातले एखादे हुशार पोर पटकन ‘युलिमिट -एस अनलिमिटेड’, म्हणजे स्टॅकची मर्यादाच काढून टाकणारी आज्ञा, टाइप करते आणि प्रोग्राम पुन्हा चालू लागतो. माझा आक्षेप नेमका या घाईला आहे. स्टॅक संपणे हा गुणाकाराचा प्रश्न आहे: एकमेकांत अडकलेल्या कॉल्सची खोली गुणिले प्रत्येक फ्रेमचा, म्हणजे एका कॉलने स्टॅकवर घेतलेल्या तुकड्याचा, आकार. या दोहोंपैकी कोणता आकडा वाढला आणि त्याला वरची सीमा आहे की नाही, हे ठाऊक झाल्याशिवाय मर्यादा वाढवली, तर बिघाड फक्त मोठ्या डेटावर ढकलला जातो. म्हणून या लेखात मर्यादेआधी मोजमाप घेतले आहे.

दोन बिघाड, एकच संदेश

सर्वप्रथम दोन वेगळे बिघाड वेगळे करावेत, कारण त्यांची नावे सारखी वाटतात आणि लिनक्सवर दोन्हींचा शेवट बहुधा त्याच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ने होतो. पहिला म्हणजे स्टॅकची जागाच संपणे, आणि या लेखाचा विषय तोच आहे. दुसरा म्हणजे स्टॅकवरच्या एखाद्या बफरच्या हद्दीबाहेर लिहिले जाणे: जागा भरपूर असते, पण सोळा अक्षरांच्या जागेत चाळीस अक्षरे कोंबली गेल्यामुळे शेजारचा परतीचा पत्ता पुसला जातो. ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ असा संदेश दिसला, तर तो दुसऱ्या बिघाडाचा आहे. कंपायलरचा ‘स्टॅक प्रोटेक्टर’ त्याच्यासाठीच आहे आणि जागा संपण्यावर त्याचा काही उपयोग नाही. ही गल्लत इतकी वारंवार होते की, प्रोटेक्टर सुरू असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे सांगणारे अनुभवी लोकही मला भेटले आहेत.

काही भाषा आणि प्रणाली हा फरक स्वतःच सांगतात. विंडोज ०एक्ससी०००००एफडी हा वेगळा अपवाद क्रमांक देते. रस्ट थ्रेडचे नाव सांगून त्याने स्वतःचा स्टॅक ओलांडल्याचा संदेश छापते आणि प्रोसेस थांबवते. गो भाषेत प्रत्येक गोरुटीनचा (गोच्या हलक्या थ्रेडचा) स्टॅक अवघ्या २ किलोबाइटपासून सुरू होऊन गरजेनुसार वाढतो, आणि ६४-बिट यंत्रावर १०० कोटी बाइटची मर्यादा ओलांडल्यावर प्रोग्राम थांबतो. तो थांबणे ‘रिकव्हर’ने अडवता येत नाही. सी आणि सी प्लस प्लसमध्ये मात्र शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

डिबगरमध्ये खात्री करणे

प्रोग्राम ‘-जी’ पर्यायासह कंपाइल करून जीडीबी या डिबगरमध्ये चालवावा, किंवा आधी ‘युलिमिट -सी अनलिमिटेड’ देऊन मिळालेली कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची नोंद) उघडावी. प्रोग्राम कोसळला की तीन गोष्टी या क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे ज्या पत्त्यावर लिहिता आले नाही तो पत्ता आणि स्टॅक पॉइंटर, म्हणजे एक्स-८६-६४ यंत्रावरचे ‘आरएसपी’ रजिस्टर, यांतले अंतर. सिग्नलच्या माहितीत चुकलेला पत्ता नोंदलेला असतो. तो आरएसपीच्या अगदी जवळ असेल तर संशय बळावतो. तो शून्य किंवा शून्याच्या आसपास असेल तर प्रश्न नल पॉइंटरचा आहे आणि हा लेख बाजूला ठेवावा. दुसरी गोष्ट म्हणजे कोसळलेली सूचना कोणती होती. जागा संपली असेल तर ती बहुधा ‘कॉल’ किंवा ‘पुश’ असते, किंवा नव्या फ्रेममध्ये पहिल्यांदा काही लिहिणारी असते. मोठ्या ॲरेच्या बाबतीत कोसळण्याची ओळ ॲरे जाहीर केल्याची नसते, त्या जागेला पहिला स्पर्श झाला तिथली असते. म्हणूनच विद्यार्थी निर्दोष ‘प्रिंटएफ’कडे बोट दाखवतात.

तिसरी आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे बॅकट्रेस, अर्थात कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी. नुसते ‘बीटी’ दिले तर जीडीबी लाखभर ओळी छापत बसतो. म्हणून ‘बीटी २०’ने आतल्या वीस फ्रेम पाहाव्यात आणि ‘बीटी -२०’ने बाहेरच्या वीस. आतल्या वीसांत एकच फंक्शन, किंवा दोन-तीन फंक्शनांचा ठरावीक फेरा दिसला तर खोली वाढली आहे. बॅकट्रेस जेमतेम पाच फ्रेमचा असूनही स्टॅक संपला असेल तर एखादी फ्रेम अवाढव्य आहे. हे निदान झाले की निम्मे काम झाले.

याच टप्प्यावर फ्रेमचा खरा आकार हाताने मोजावा, असे मी आग्रहाने सांगतो. रिकर्शनमधल्या, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावते तेव्हाच्या, लागोपाठच्या दोन फ्रेमवर जाऊन ‘इन्फो फ्रेम’ विचारले की प्रत्येकीचा पत्ता मिळतो. त्या दोन पत्त्यांची वजाबाकी म्हणजे एका कॉलने खाल्लेला स्टॅक. एक्स-८६-६४च्या लिनक्सवर हा आकडा १६च्या पटीत येतो, कारण कॉल करताना स्टॅक तसा जुळवून ठेवण्याचा नियम आहे. तसा आला नाही तर आपण चुकीच्या फ्रेम निवडल्या असे समजावे.

कंपायलरकडून हिशेब मागणे

प्रोग्राम कोसळण्याची वाट न पाहता हाच आकडा जीसीसी या कंपायलरकडून मिळवता येतो. ‘-एफस्टॅक-युसेज’ हा पर्याय दिला की प्रत्येक सोर्स फाइलसोबत ‘एसयू’ विस्ताराची एक छोटी फाइल तयार होते. तिच्या प्रत्येक ओळीत फंक्शनचे नाव, त्याला लागणारे बाइट आणि एक शेरा असतो. शेरा ‘स्टॅटिक’ असेल तर आकडा पक्का. ‘डायनॅमिक’ असेल आणि त्यासोबत ‘बाउंडेड’ नसेल, तर त्या फंक्शनला किती जागा लागेल हे कंपायलरलाही माहीत नाही. तिथे बदलत्या लांबीची ॲरे किंवा ‘अलोका’ (स्टॅकवरच हवी तेवढी जागा घेणारे फंक्शन) वापरलेले असते, आणि तपासणीची सुरुवात मी अशाच ओळींपासून करतो. हीपवर, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीत, जागा मागणाऱ्या ‘मॅलॉक’ला ती मिळाली नाही तर तो नल (रिकामा पॉइंटर) परत करतो. ‘अलोका’ला नकार देण्याची सोयच नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्या आकड्यावर त्याची लांबी ठरत असेल तर तो कोड बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. लिनक्स कर्नलमध्ये बदलत्या लांबीच्या ॲरे एकेक करून काढल्या गेल्या आणि २०१८ सालच्या ४.२० आवृत्तीपर्यंत हे काम पूर्ण झाले. तिथे एक्स-८६-६४वर प्रत्येक थ्रेडला कर्नलच्या आत केवळ १६ किलोबाइट स्टॅक मिळतो, त्यामुळे एवढी काळजी अनाठायी नव्हती.

‘एसयू’ फाइलमधला आकडा त्या एकट्या फंक्शनचा असतो, त्याने बोलावलेल्या फंक्शनांचा त्यात समावेश नसतो. बेरीज आपण करावी लागते, किंवा जीसीसी १० पासून मिळणाऱ्या ‘-एफकॉलग्राफ-इन्फो’ पर्यायाची मदत घ्यावी लागते. रोजच्या कामासाठी मी ‘-डब्ल्यूफ्रेम-लार्जर-दॅन’ला २०४८ हा आकडा देतो आणि ‘-डब्ल्यूव्हीएलए’ सुरू ठेवतो, म्हणजे कंपाइल करतानाच इशारा मिळतो. ऑप्टिमायझेशनने फ्रेम लहानच होते असेही मानू नये. जीसीसी कधी कधी रिकर्सिव्ह फंक्शनच्या काही पातळ्या त्याच्यातच इनलाइन करतो, म्हणजे कॉलच्या जागी त्याचा कोडच भरतो, आणि तेव्हा फ्रेम फुगते. म्हणून जो बिल्ड ग्राहकाकडे जाणार आहे, त्याचेच मोजमाप घ्यावे.

मर्यादा नेमकी किती आहे

आपला प्रोग्राम ८ मेगाबाइटमध्ये चालतो असे म्हणताना ते कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या थ्रेडमध्ये, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. विंडोजवर लिंकर वेगळे काही सांगितले नसल्यास १ मेगाबाइट राखतो, म्हणजे आपली हजार बाय हजारची ॲरे तिथे पहिल्याच दिवशी कोसळली असती. मॅकओएसवर मुख्य थ्रेडला ८ मेगाबाइट मिळतात, पण नंतर तयार केलेल्या थ्रेडला केवळ ५१२ किलोबाइट. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीने सुरू केलेल्या थ्रेडला २ मेगाबाइट मिळतात.

लिनक्सवर दुय्यम थ्रेडचा स्टॅक सी लायब्ररी ठरवते, आणि अलीकडे लोक फसतात ते इथेच. उबंटू किंवा डेबियनवरची ग्लिबसी प्रोग्राम सुरू होतानाची ‘युलिमिट’ची मर्यादा पाहून प्रत्येक नव्या थ्रेडला तेवढा स्टॅक देते. अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमधली मसल ही लायब्ररी मात्र मुळात १२८ किलोबाइटच देते. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने याच कारणापायी दोन दिवस घालवले: लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या पार, कंटेनरमध्ये गेल्यावर तोच पार्सर (मजकुराची रचना उलगडणारा कोड) थ्रेडमध्ये कोसळणारा. कंटेनरची मेमरी दुप्पट करून काही होईना, कारण कमी पडत होता तो स्टॅक आणि कंटेनरच्या मेमरीशी त्याचा संबंध नव्हता.

त्यामुळे थ्रेडला किती जागा लागते हे मोजले असेल, तर ती स्पष्ट मागावी. ‘पीथ्रेड_ॲट्र_सेटस्टॅकसाइझ’ने थ्रेड तयार करण्याआधी आकडा देता येतो आणि मग प्रोग्राम कोणत्या वितरणावर चालतो याची चिंता उरत नाही. मुख्य थ्रेडची मर्यादा चालू प्रोग्राममधून वाढवण्याच्या खटाटोपापेक्षा खोल काम हव्या तेवढ्या स्टॅकच्या वेगळ्या थ्रेडमध्ये करणे मला अधिक भरवशाचे वाटते.

बुडीत क्षेत्राचा प्रोग्राम: रिकर्शन काढून टाकणे

आता खोली वाढण्याचे उदाहरण घेऊ. गिरणा खोऱ्यातल्या एका लहान पाझर तलावासाठी आम्ही वर्गात एक प्रोग्राम लिहिला होता. जमिनीच्या उंचीची जाळी आणि पाण्याची पातळी दिली की कोणते चौकोन पाण्याखाली जातील, म्हणजे बुडीत क्षेत्र किती, हे त्याने सांगायचे. कोड सुटसुटीत होता: बांधालगतच्या चौकोनापासून सुरुवात करायची, त्यावर खूण करायची आणि उंची पातळीपेक्षा कमी असलेल्या चारही शेजाऱ्यांसाठी त्याच फंक्शनला बोलवायचे. काहीशे चौकोनांच्या तलावावर उत्तर क्षणात आले. मग एकाने उपग्रहाच्या उंचीमापनाची एक पूर्ण टाइल दिली. एक आर्क-सेकंदाच्या अशा टाइलमध्ये ३६०१ बाय ३६०१, म्हणजे १,२९,६७,२०१ चौकोन असतात. प्रोग्राम कोसळला.

फ्रेम मोजली तेव्हा ती ११२ बाइटची निघाली. ८३,८८,६०८ भागिले ११२ म्हणजे जेमतेम ७४,८९८ कॉल. हे फंक्शन एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकत जाते आणि वाट बंद झाल्याखेरीज मागे फिरत नाही, त्यामुळे सपाट प्रदेशात कॉल्सची खोली बुडालेल्या चौकोनांच्या संख्येजवळ पोहोचते. एका चौकोनाची बाजू ३० मीटर धरली तर ७४,८९८ चौकोन म्हणजे सुमारे ६७ चौरस किलोमीटर. पाझर तलाव कधीच एवढा मोठा नसतो, तापीकाठची सपाटी मात्र सहज असते. संपूर्ण टाइल पाण्याखाली गेल्याचे धरले तर सर्वांत वाईट परिस्थितीत १४५ कोटी बाइट स्टॅक लागेल. ‘युलिमिट’ वाढवत राहण्यात अर्थ का नाही, हे या आकड्यानंतर वर्गाला वेगळे सांगावे लागले नाही.

उपाय असा. कोणते चौकोन तपासायचे बाकी आहेत याची यादी आपणच हीपवरच्या ॲरेत ठेवायची. सुरुवातीचा चौकोन यादीत टाकायचा. यादी रिकामी होईपर्यंत शेवटचा चौकोन काढायचा, त्याचे शेजारी पाहायचे आणि जे पातळीखाली आहेत व ज्यांच्यावर खूण नाही, त्यांच्यावर खूण करून त्यांना यादीत टाकायचे. खूण यादीत टाकतानाच करावी, काढताना करू नये. नाहीतर एकच चौकोन चार शेजाऱ्यांकडून चारदा यादीत शिरतो आणि यादी अकारण फुगते. टाकताना खूण केली की प्रत्येक चौकोन जास्तीत जास्त एकदाच आत येतो, आणि म्हणून यादीची वरची सीमा आपल्याला आधीच कळते: १,२९,६७,२०१ नोंदी, प्रत्येक नोंद म्हणजे चौकोनाचा चार बाइटचा क्रमांक, एकूण ५ कोटी १९ लाख बाइटांच्या आत. जे काम ११२ बाइटची फ्रेम करत होती ते चार बाइटमध्ये भागले, आणि जागा मिळाली नाहीच तर ‘मॅलॉक’ नल देतो, तेव्हा प्रोग्रामला नीट संदेश देऊन थांबता येते.

दर वेळी रिकर्शन काढून टाकावे असे मात्र नाही. क्विकसॉर्टमध्ये दोन भागांपैकी लहान भागासाठीच रिकर्शन करून मोठा भाग लूपने हाताळला, तर खोली घटकांच्या संख्येच्या द्विआधारी लॉगरिदमच्या आत राहते. दहा लाख घटकांसाठी ती वीसच्या आसपास येते, आणि तिथे रिकर्शन ठेवण्यात काहीच वावगे नाही. शेवटचे काम म्हणून स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनचे रूपांतर कंपायलर ‘-ओ२’ला लूपमध्ये करू शकतो, पण सी भाषा तशी हमी देत नाही आणि डिबग बिल्डमध्ये ते घडत नाही. त्यावर विसंबण्यापेक्षा लूप आपणच लिहावा.

बाहेरून येणारा मजकूर वाचणाऱ्या पार्सरचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे खोली परका माणूस ठरवतो. एक लाख उघडे चौकटी कंस एका ओळीत पाठवले की रिकर्सिव्ह पार्सर कोसळतो, आणि तो सर्व्हरवर असेल तर त्याच्यासोबत बाकी सगळ्यांचे काम थांबते. अशा फंक्शनला खोलीचा आकडा पॅरामीटर म्हणून द्यावा, प्रत्येक पातळीवर तो एकने वाढवावा आणि ठरलेल्या सीमेपलीकडे त्रुटी परत करावी. सीमा ठरवताना फ्रेमचा मोजलेला आकार आणि सर्वांत लहान थ्रेडचा स्टॅक यांचा भागाकार करावा आणि उत्तराच्या निम्म्याहून खाली राहावे. लांब लिंक्ड लिस्ट नष्ट करणारा सी प्लस प्लसचा डिस्ट्रक्टरही असाच नोडमागून नोड खोल जातो. त्यात रिकर्शन डोळ्यांना दिसत नसल्याने तो शोधायला वेळ लागतो.

गार्ड पेज ओलांडणारी फ्रेम

आतापर्यंत आपण असे धरून चाललो की स्टॅक संपला की प्रोग्राम कोसळतो. हे नेहमी खरे नसते, आणि जिथे खरे नसते तिथला बिघाड सर्वांत घातक असतो. स्टॅकच्या टोकाला ‘गार्ड पेज’ नावाचे निषिद्ध पान असते आणि त्याला स्पर्श झाला की सिग्नल येतो. ग्लिबसीमध्ये थ्रेडचे हे पान सहसा ४ किलोबाइटचे असते. आता थ्रेडच्या शेवटच्या टोकाशी असलेल्या फंक्शनने दहा किलोबाइटचा बफर घेतला आणि त्याच्या अगदी खालच्या भागातच लिहिले, तर स्टॅक पॉइंटर ते पान न शिवता उडी मारून पलीकडे जातो. पलीकडे दुसऱ्या थ्रेडचा स्टॅक असू शकतो. काहीही कोसळत नाही, फक्त दुसऱ्याच कोणाच्या व्हेरिएबलची किंमत बदलते.

२०१७ साली क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ‘स्टॅक क्लॅश’ या नावाने याच उडीचा गैरवापर करून अधिकार वाढवता येतात हे दाखवले. त्यानंतर लिनक्सने मुख्य स्टॅकखालचे राखीव अंतर एका पानावरून २५६ पानांवर, म्हणजे ४ किलोबाइटच्या पानांच्या हिशेबाने १ मेगाबाइटवर नेले, आणि जीसीसी ८ मध्ये ‘-एफस्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन’ हा पर्याय आला. तो दिल्यावर मोठी फ्रेम घेताना कंपायलर प्रत्येक पानाला क्रमाने स्पर्श करतो, त्यामुळे गार्ड पेज चुकत नाही. थ्रेड वापरणाऱ्या कोणत्याही सी प्रोग्रामला हा पर्याय द्यावा. त्याची किंमत नगण्य आहे.

सिग्नल पकडायचा असेल तर

स्टॅक संपल्यावर ‘सिगसेग्व्ही’ सिग्नलचा हँडलर चालवायला स्वतः स्टॅकच लागतो, म्हणून साधा हँडलर अशा वेळी चालूच शकत नाही. ‘सिगऑल्टस्टॅक’ने वेगळी जागा नोंदवावी आणि हँडलर लावताना ‘एसए_ऑनस्टॅक’ हा ध्वज द्यावा. ही नोंदणी प्रत्येक थ्रेडने स्वतंत्रपणे करायची असते. हँडलरमध्ये ‘प्रिंटएफ’ किंवा ‘मॅलॉक’ वापरू नये. ‘राइट’ने एक ओळ लिहावी आणि ‘_एक्झिट’ने बाहेर पडावे. तिथून ‘लाँगजंप’ करून काम पुढे रेटण्याचा मोह टाळावा, कारण कोसळण्याच्या क्षणी कोणते कुलूप धरलेले होते आणि कोणती रचना अर्धवट लिहिली होती हे कळायला मार्ग नसतो.

चाचणीत मर्यादा कमी करणे

मर्यादा वाढवण्याऐवजी कमी करून पाहणे ही माझी सर्वांत आवडती चाचणी आहे. कंसात घेतलेल्या उपशेलमध्ये ‘युलिमिट -एस २५६’ देऊन चाचण्या चालवाव्यात, म्हणजे बाहेरच्या शेलची मर्यादा जशीच्या तशी राहते. हा आकडा किलोबाइटमध्ये असतो. २५६ किलोबाइटमध्ये प्रोग्रामने एकतर काम पूर्ण करावे किंवा खोलीची सीमा ओलांडल्याची स्वतःची त्रुटी द्यावी. तो नुसता कोसळला तर कुठे काम बाकी आहे ते बॅकट्रेस सांगतोच. दर बिल्डला ही चाचणी आपोआप होऊ द्यावी.

केळीच्या शेतातला कंट्रोलर

शेवटचे उदाहरण यावल तालुक्यातल्या एका केळीबागेतले आहे. तिथे ठिबकचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यासाठी ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरवर आधारित कंट्रोलर आम्ही बसवला होता. आठवड्यातून एखाद्या रात्री तिसरा व्हॉल्व्ह सकाळपर्यंत उघडाच राहायचा आणि त्या ओळींत पाणी साचायचे. दिवसा कितीही तपासले तरी सगळे ठीक दिसायचे. शेतकरी दादांना वाटले व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो. त्यांनी तो दोनदा खोलून धुतला. चूक आमच्या कोडमध्ये होती.

अशा मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या फ्रीआरटॉस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक टास्कचा (थ्रेडसारख्या स्वतंत्र कामाचा) स्टॅक म्हणजे रॅमचा एक छोटा तुकडा असतो आणि त्याच्या टोकाला संगणकासारखे गार्ड पेज नसते. निरोप पाठवणाऱ्या टास्कला आम्ही ३०७२ बाइट दिले होते. टास्कने आजवर स्टॅक कितीपर्यंत खाल्ला हे ‘यूएक्सटास्कगेटस्टॅकहायवॉटरमार्क’ हे फंक्शन सांगते: कधीकाळी उरलेली सर्वांत कमी जागा ते परत करते. ईएसपी-आयडीएफ या ईएसपी-३२च्या प्रोग्रामिंग संचात हा आकडा बाइटमध्ये असतो आणि मूळ फ्रीआरटॉसमध्ये वर्डमध्ये, हे विसरल्यास चौपट चूक होते. आमच्याकडे आकडा आला ११८०. समाधान मानण्यासारखा होता, आणि आम्ही मानलेही.

पण तो आकडा केवळ आजवर चाललेल्या वाटांचा असतो. रात्रपाळीची वीज आली की कंट्रोलर आणि मोडेम एकाच वेळी सुरू होत. एखाद्या रात्री मोडेमला नेटवर्क मिळायला उशीर झाला की निरोप पाठवणारे फंक्शन पुनर्प्रयत्नाच्या फंक्शनला बोलवायचे, आणि त्या फंक्शनमध्ये निरोपासाठी ७६८ बाइटचा आणि नोंदीसाठी २५६ बाइटचा असे दोन बफर होते. ११८०तून १०२४ गेले, उरले १५६, आणि त्यात दशांश संख्येसह ‘एसएनप्रिंटएफ’ बसणे शक्यच नव्हते. टास्क बदलताना स्टॅकच्या टोकाला लिहून ठेवलेले खुणेचे बाइट तपासण्याची सोय सुरू होती. पण अर्धवट भरलेल्या बफरचा न लिहिलेला भाग नेमका त्या खुणेवर येत असल्यामुळे ती शाबूत राहत होती. लिहिले जात होते ते तिच्या पलीकडे, जिथे व्हॉल्व्हची स्थिती साठवलेली होती.

दुरुस्ती करताना आम्ही दोन्ही बफर फंक्शनबाहेर स्टॅटिक जागेत नेले. हे चालले कारण त्यांना एकच टास्क हात लावतो, दोन टास्क असते तर कुलूप लागले असते. स्टॅक ४०९६ बाइटचा केला, आणि स्टॅकच्या टोकावर प्रोसेसरचा वॉचपॉइंट लावण्याचा ईएसपी-आयडीएफचा पर्याय चाचणीच्या काळात सुरू ठेवला, म्हणजे हद्दीच्या टोकावर लिहिले गेल्यास टास्क बदलण्याची वाट न पाहता त्याच क्षणी कळावे. मग मोडेमचा अँटेना काढून ठेवला, जाणीवपूर्वक प्रत्येक निरोप अपयशी होऊ दिला, पुनर्प्रयत्नाची वाट शेवटपर्यंत चालवली आणि त्यानंतरच हायवॉटरमार्क वाचला: १३०४ बाइट शिल्लक. बिघाडाच्या सगळ्या वाटा चालवून झाल्यावर एक चतुर्थांश तरी उरावे हा माझा नेम आहे, आणि इथे त्याहून थोडे अधिक उरले. आता कंट्रोलर रोज पहाटेच्या निरोपात बॅटरीचे व्होल्टेज आणि पाण्याचे तास यांच्या शेवटी हा आकडाही पाठवतो.